चिमाबाईचे शेंगदाणे

लोणावळ्याच्या मालधक्क्यावरचा काटा बटाट्याच्या पोत्यांसाठी आणि चिक्कीच्या खोक्यांसाठी होता. माणसं तोलायला तो कुणी ठेवला नव्हता. पण दर आठवड्याला वजनासाठी तळेगावच्या दवाखान्यात जायचं, तर बयाबाईला गाडीत चढवायला खालून दोन आणि वरून एक अशी तीन माणसं लागत. म्हणून तिच्या लेकीने, द्वारकेने, पार्सलचा हमाल श्रीपती याला गाठलं. श्रीपती परंदवडीचा. बयाबाईचं माहेर त्याच्याच शिवेला लागून असलेल्या गावातलं निघालं आणि मग त्याला नाही म्हणता येईना.

“मावशी, लगेज कुटं बुक करू? कल्याणला का पुण्याला?”

“कुटंबी कर बाबा. पण वर लिव, काचंचं सामान हाय.”

“काचंचं म्हनताय, आन् फळी तर पार दबली.”

बयाबाई काट्याच्या खांबाला धरून हसली. हसताना तिचा डावा हात आपोआप पोटाशी गेला. तिला आता हसायचाही धाक होता. श्रीपतीने वजन सरकवत सरकवत दांडी सरळ केली.

“अठ्ठ्याऐंशी किलो.”

“किलो म्हंजी किती शेर रं?”

“शेर इसरा आता मावशी. शेर गेले.”

द्वारकेने वहीत लिहिलं : ७ फेब्रुवारी १९६५, ८८. त्याच पानाच्या तळाशी तिने आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं : ३० मे, ७५. मधल्या ओळी मोकळ्या होत्या. शाळेतल्या मुलींच्या वह्या आखते तशी तिने ती पट्टीने आखलेली होती.

संक्रांतीच्या आधी आंदर मावळातल्या त्यांच्या गावी बयाबाईने पाण्याचा हंडा उचलला आणि बेंबीपाशी बरीच वर्षं असलेली गाठ एकाएकी लिंबाएवढी झाली, दगडासारखी घट्ट झाली, आणि आत जाईना. उलट्या सुरू झाल्या. द्वारकेच्या भावाने, भिमाजीने, घोंगडीची झोळी केली. ठाकरवाडीतले चौघे बोलावले. डोंगर उतरून, नदी ओलांडून, मोटारीच्या रस्त्याला लागेपर्यंत उन्हं कलली होती. तळेगावच्या सर्जननी दोन तास हाताने दाबून दाबून हर्नियाच्या त्या गाठीत अडकलेलं आतडं आत बसवलं. मग त्यांनी द्वारकेला बाहेर बोलावलं.

“या वेळी बसलं. पुढच्या वेळी बसेलच असं नाही. ऑपरेशन करायला हवं, पण एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत आणि भूलही सोसणार नाही. पंच्याहत्तर किलोवर आणा. पावसाळ्याच्या आत.”

“रोज थोडं थोडं चालवू का?”

“चालायचं नाही, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. आतडं पुन्हा अडकलं तर माझ्यापर्यंत पोचणार नाहीत त्या. कमी करायचं ते फक्त ताटातून.”

द्वारका तेहतीस वर्षांची, लोणावळ्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका. लग्न झालेलं नव्हतं. स्टेशनजवळच्या चाळीत एक खोली आणि मागे पडवी, एवढा तिचा संसार. आईला ती गावी परत न पाठवता तिथेच घेऊन आली. वाचनाची सवय असलेली माणसं संकटात करतात तेच तिनेही केलं. वाचनालयातून आहारावरचं पुस्तक आणलं, रात्रीतून वाचून काढलं आणि टिपणं काढली. सकाळी तांदळाची अर्धी भाकरी आणि पालेभाजी. दुपारी एक वाटी भात आणि मुगाचं पातळ वरण. संध्याकाळी पुन्हा भाजी. तेल तूप नाही, गूळ नाही, शेंगदाण्याचं कूट नाही. मधल्या वेळी पोटात कावळे ओरडू लागले की पातळ पेज किंवा ताक, हवं तेवढं. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा.

“बत्तीस?” बयाबाई म्हणाली. “माझं दातच अकरा हायेत. त्या पुस्तकवाल्याला इचार, अकरा दातांनी किती येळा चावायचं.”

पण ती चावायची. भिंतीला टेकून, पाय पसरून, ओठ मिटून चावत राहायची आणि मोजणी चुकली की बोटावर पहिल्यापासून धरायची. आयुष्यभर ती घरात सगळ्यांच्या मागून जेवली होती. पातेल्यात उरेल ते तिचं, आणि ते टाकवत नाही म्हणून पोट भरलेलं असतानाही तिचंच. आता तिच्यापुढे पहिल्यांदा ताट येत होतं, आणि त्या ताटात काही नव्हतं.

पेज मात्र तिच्या ओळखीची होती. पहिल्या दिवशी द्वारकेने पुस्तकाबरहुकूम नुसती पेज दिली. बयाबाईने घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

“अळणी?”

“हो. का?”

“अळणी पेज म्हशीला घालत्यात गं. व्यायलेल्या म्हशीला.”

द्वारकेला हसू आलं आणि त्याच क्षणी भरूनही आलं. गूळ काढून घेतला, तूप काढून घेतलं, भाकरीचा पदर न् पदर मोजला. मिठात काय चरबी असते? तिने मिठाची बरणी उचलून आईच्या हाताशी ठेवली. “घे. हवं तेवढं घाल.” त्या दिवसापासून पेजेत चिमूट नाही, चांगला अर्धा चमचा मीठ पडू लागलं. ताकातही पडू लागलं. भाजी बेचव झाली म्हणून तोंडी लावायला मिठातली मिरची आली. एवढी एकच गोष्ट द्वारका आईला मोकळ्या हाताने देऊ शकत होती. ती तिने दिली.

साडेशहाऐंशी. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मार्चच्या पहिल्या रविवारी त्र्याऐंशी.

“मावशी, असंच चाललं तर दिवाळीपतुर तुमाला पाकिटात घालून टपालानं धाडाया यील,” श्रीपती म्हणाला.

“धाड. तिकीट कमी लाव.”

शेजारच्या खोलीत चिमाबाई राहायची. एकटीच, साठीची, चिक्कीच्या भट्टीवर भाजलेल्या शेंगदाण्यांतली साल आणि खडे निवडायला जायची. संध्याकाळी ती घरी आली की गूळ आणि भाजक्या दाण्यांचा वास तिच्या लुगड्याबरोबर आत यायचा. बयाबाई दारात बसून तो खोल ओढून घ्यायची.

“वासाला किलो न्हाई ना गं द्वारके?”

“नाही.”

“मग ये चिमाबाई, बस जरा जवळ. आज जेवान चांगलं झालं न्हाई.”

होळीला गावाहून भिमाजी आला. धुवट फडक्यात बांधलेल्या बारा पुरणपोळ्या आणि तुपाची लहान कासंडी. फडक्याची गाठ सुटली तशी खोली वेलदोड्याच्या वासाने भरून गेली. बयाबाईने नजर खिडकीकडे वळवली. द्वारकेने गाठ पुन्हा बांधली.

“परत घेऊन जा, दादा.”

“एक तरी खाऊ दे की तिला. सणाचा दिस हाय.”

“एकसुद्धा नाही.”

भिमाजी पायरीवर बसून बराच वेळ वहाणांत पाय घालत होता. “तू शिकल्याली. तुला कळतंय, आमाला न्हाई. पन आयेला उपाशी मारतीस आन् वर वहीत लिवतीस, हे काय माझ्या डोक्यात शिरत न्हाई.”

“भिमा,” बयाबाई आतून म्हणाली, “पोरीला बोलू नगंस. जा, गाडी जाईल तुझी.”

त्या रविवारी काटा साडेचौऱ्याऐंशी दाखवू लागला.

श्रीपतीने दांडी पुन्हा सोडून पुन्हा जुळवली. शेजारचं पोतं ठेवून काटा तपासला. काटा बरोबर होता. पुढल्या रविवारी साडेपंच्याऐंशी. द्वारकेने सकाळची भाकरी बंद केली. भूक मारायला पेज वाढवली, ताक वाढवलं. चार एप्रिलला सत्त्याऐंशी. गेलेलं सगळं जवळजवळ परत आलं होतं, आणि तीस मेला आठ आठवडे उरले होते.

घरी परतताना बयाबाई चार ठिकाणी थांबली. धाप लागत होती. हल्ली तिला आडवं पडताच येत नसे, गादीच्या वळकटीला टेकून बसूनच डोळा लागे. द्वारकेने ते सगळं चरबीच्या आणि गाठीच्या खात्यात टाकलं होतं. खोलीत आल्यावर तिने एक एक डबा उघडला. पिठाच्या, तांदळाच्या, दाण्यांच्या, साखरेच्या प्रत्येक डब्याला तिने आतून पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती. सगळं रेघेशी होतं.

“आई, तू काय खातेस?”

“तू देतीस त्येच.”

“काटा खोटं बोलत नाही.”

“न्हाई बोलत.”

“मग मी शाळेत गेल्यावर काय खातेस?”

गोंदलेला हात मांडीवर ठेवून बयाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

द्वारका सहसा आवाज चढवत नसे. वर्गात तर कधीच नाही. तिने त्या दिवशीही चढवला नाही. ती उंबऱ्यावर बसली. “मी रागावणार नाही. मला नुसतं सांग. तू सांगितलंस तर ते थांबवता येईल. तू काही खात नाहीस आणि तरी वजन वाढतं, असं असेल तर मी काय करू? मग माझ्या हातात काय राहिलं? आई, काहीतरी सांग ना.”

तिचा आवाज शेवटच्या शब्दाला फुटला. लहानपणी शाळेसाठी डोंगर उतरताना पाय मुरगळला होता, तेव्हा तो असाच फुटला होता. तेव्हा बयाबाईने तिला पाठुंगळीला घेऊन शाळेच्या दारात नेऊन सोडलं होतं. आता बयाबाईने लेकीच्या तोंडाकडे फार वेळ पाहिलं.

“शेंगदाणे,” ती म्हणाली.

“काय?”

“खाल्लं मी शेंगदाणे. चिमाबाई देती. रोज मूठ मूठ. कवा दोन मुठी.”

द्वारका उठली आणि शेजारच्या दारात गेली. चिमाबाई चुलीपाशी बसली होती.

“तुम्ही आईला शेंगदाणे देता?”

“मी? अगं बाई, मी कवा...” चिमाबाई म्हणाली आणि थांबली. तिची नजर द्वारकेच्या खांद्यावरून मागे गेली. बयाबाई भिंतीला धरून स्वतःच्या दारापर्यंत आली होती. चिमाबाईने पदर सारखा केला. “व्हय,” ती हळूच म्हणाली. “चुकलं बाई.”

“तिचा जीव घ्यायचाय का तुम्हाला? माहीत आहे ना डॉक्टर काय म्हणालेत ते?”

“चुकलं म्हनले ना.”

“पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नका.”

चिमाबाईने मान हलवली. एवढ्या तोंडाळ बाईने उलटून एक शब्द बोलू नये याचं त्या वेळी द्वारकेला नवल वाटलं नाही. गुन्हा कबूल होता. कारण सापडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाताना ती दाराला बाहेरून कडी घालू लागली. सकाळची शाळा, चार तासांचाच प्रश्न होता. पडवीत मोरी होती, पाणी होतं, पेजेचं पातेलं आणि मिठाची बरणी हाताशी होती.

“लाव कडी,” बयाबाई म्हणाली. “चोर हाय मी. चोराला कोंडूनच ठिवत्यात.” आणि वर हसली.

त्या दिवशी किती आठवड्यांनी द्वारकेला शांत झोप लागली.

अकरा एप्रिलला साडेसत्त्याऐंशी भरलं. अर्ध्या किलोनेच वाढलं, म्हणजे शेंगदाणे बंद झाल्याचा गुण येतोय, असं द्वारकेने स्वतःला सांगितलं. अठरा एप्रिलला बयाबाईला पाय उचलून फळीवर ठेवता येईना. श्रीपती वाकला, तिचा घोटा धरून त्याने पाय वर घेतला, दुसराही घेतला. मग दांडीकडे न जाता तो तसाच ओणवा राहिला.

“ह्ये काय वो मावशी? माझी बोटं उमटली की.”

“तू लय पैलवान लागून गेलास ना.”

पण श्रीपती हसला नाही. लुगड्याचा काठ जरा वर सरकवून त्याने द्वारकेला बोलावलं. घोट्याच्या वर त्याच्या चार बोटांचे चार खड्डे होते, पिठात उमटावेत तसे. कातडी ताणून चकाकत होती. पोटरीवरचं तुळशीवृंदावनाचं गोंदण, द्वारकेने लहानपणी ज्याच्यावर बोट फिरवत गोष्टी ऐकल्या होत्या ते, दुप्पट रुंद होऊन फिकट पडलं होतं.

“ताई, ह्ये मांस न्हाई,” श्रीपती म्हणाला. “मांसाला खड्डा राहत न्हाई. आमच्या आबाला झालंतं असंच. पानी हाय ह्ये.”

द्वारकेने खाली बसून आपला अंगठा दाबला. उचलला. खड्डा तसाच राहिला. तिने मनात अंक मोजले. वीस झाले, तीस झाले. खड्डा भरला नाही. दहा आठवडे ती आईच्या तोंडाकडे, ताटाकडे आणि दांडीकडे बघत होती. पायांकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी वजनाचा आकडा कुणी वाचलाच नाही. श्रीपतीने पार्सलची हातगाडी काढली, तीवर गोणपाट अंथरलं आणि बयाबाईला फलाटावर नेलं.

तळेगावला सर्जननी आईला तपासून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं कमी बोलत होते. मग सर्जननी विचारलं, “जेवणात मीठ कसं असतं यांच्या?”

द्वारकेने सांगितलं. दिवसातून सहा वेळा पेज. चार वेळा ताक. मिरची. चमचे सांगताना तिचा आवाज अगदी सरळ होता, जणू वर्गात उत्तरपत्रिका वाचून दाखवतेय.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं.

“जानेवारीत पायावर सूज नव्हती,” ते म्हणाले. “मी बघितलं होतं. त्यानंतर हृदय थकत गेलंय. अशा हृदयाला मीठ चालत नाही. मीठ पाणी धरून ठेवतं. तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं.” शेवटचं वाक्य ते चांगल्या मनाने बोलले. द्वारकेला मात्र त्यानंतर त्या खोलीत उभं राहवेना.

“म्हणजे ती चोरून काही खात नव्हती?”

“ज्या बाई एवढ्यावर जगत होत्या त्यांची चरबी केव्हाच उतरलीय. वाढत होतं ते पाणी होतं.”

इंजेक्शनं सुरू झाली. पाच दिवसांत अंगातलं पाणी ओसरलं. त्याखाली राहिली ती वेगळीच बाई होती. गळ्याची हाडं वर आली, दंडाची कातडी लोंबू लागली, गाल बसले. सहाव्या दिवशी नर्सने तिला दवाखान्याच्या काट्यावर धरून उभं केलं.

“चौऱ्याहत्तर,” नर्स म्हणाली.

“किती?” बयाबाईने पुन्हा विचारलं.

“चौऱ्याहत्तर, आजी.”

बयाबाईने मान वळवून लेकीला शोधलं. “द्वारके, ऐकलंस? एक किलो वरताण. वहीत लिव. आता कापनार ना मला?”

“हो, आई,” द्वारका म्हणाली.

डॉक्टरांनी तिला सकाळीच सांगितलं होतं. या हृदयाला भूल देता येणार नाही, आता कधीच नाही. गाठीची काळजी करू नका, ती वेळ येणार नाही. त्यांना जे खावंसं वाटेल ते आता द्या.

दुपारी चिमाबाई आली. लोणावळ्याहून गाडीने, नवं लुगडं नेसून, हातात काही न घेता. वॉर्डाच्या दाराशी ती अडखळली. द्वारकेने “पाऊल टाकू नका” म्हटल्यापासून ती कुठल्याच दारात विचारल्याशिवाय शिरत नसावी. द्वारका तिला व्हरांड्यात घेऊन गेली.

“तुम्ही आईला शेंगदाणे दिले होते?”

चिमाबाईने इकडेतिकडे पाहिलं.

“खरं सांगा.”

“एक दाना न्हाई दिला, बाई. भट्टीवर झडती घेत्यात. आनायचं कुटनं?”

“मग हो का म्हणालात?”

“तू माझ्यापुढं हुबी. मागं तुजी आय हात जोडून हुबी. काय म्हनू मी?” चिमाबाईने पदराने तोंड पुसलं. “तू साळंत गेल्यावर मी खिडकीतनं इचारलं तिला. म्हनलं, बये, का गं आळ घेतलास अंगावर? तर म्हनली, पोरीला कारन पायजे व्हतं. कारन न्हाई मिळालं तर ती खचंल. मिळालं की झोपंल.”

व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. द्वारका त्यांच्याकडे बघत राहिली. आपण खरंच झोपलो होतो, हे तिला आठवलं. कडी घातल्याच्या दिवशी.

“मी तुम्हाला फार बोलले.”

“बोललीस. मला काय गं, मी भट्टीवर रोजच ऐकती.” मग ती जरा थांबून म्हणाली, “तिला इचारू नगंस. मी सांगितलं म्हनू नगंस.”

पण द्वारकेने विचारलं. विचारल्याशिवाय तिला राहवलं नसतं, आणि आईकडून एकदा, फक्त एकदा, तोंडावर बोलणी बसल्याखेरीज तिला श्वास घेता आला नसता. खाटेशी स्टूल ओढून ती बसली. बयाबाई तीन उशांना टेकून होती, डोळे अर्धे मिटलेले.

“आई, तू शेंगदाणे खाल्ले नव्हतेस.”

डोळे उघडले. “खाल्ले की.”

“डॉक्टरांनी सांगितलंय. ते पाणी होतं. माझ्या मिठाने झालं ते.”

“त्या डाक्टरला काय म्हाईत? तो व्हता का तितं?” धाप लागल्यामुळे ती थांबली, पण हाताने द्वारकेला बोलू दिलं नाही. “मूठ मूठ खाल्ले. तू गेलीस की खायची. कोंबट असायचे, नुकतेच भट्टीतनं काढल्यागत. एखादा खवट निघायचा. मग वरनं पानी प्यायची. त्येच पानी असंल.”

“आई...”

“माजी जीभ वाईट. पयल्यापासनं. तुजा काय दोस न्हाई त्यात. समजलं?”

द्वारकेने आईच्या हाताकडे पाहिलं. चार बोटं चादरीवर घट्ट आवळलेली होती, जणू तिच्याकडून कुणी काही हिसकावून घेणार होतं. एवढी वर्षं या बाईने द्वारकेसाठी जे जे उचललं होतं त्यातलं हे शेवटचं होतं, आणि ते खाली ठेवायला ती तयार नव्हती. द्वारकेला तिच्या हातातून ते घेता आलं असतं. डॉक्टरांचा कागद पिशवीत होता.

“समजलं,” ती म्हणाली. “खाल्लेस तू.”

“मग?”

“फार खाल्लेस. मला न सांगता.”

बयाबाईची बोटं सुटली. चेहऱ्यावर ती जुनी खट्याळ रेघ आली. “चिमाबाई आलीया ना? वास आला मला. तिला म्हनावं, आता तर चौऱ्याहत्तर झालीया. आनखी मूठभर दे.”

द्वारका स्टेशनच्या रस्त्याला गेली. भाजणाऱ्याच्या कढईतले मूठभर दाणे पुडीत बांधून घेऊन ती जवळजवळ पळत परत आली. पुडी अजून हाताला भाजत होती. तिने दाण्यांची सालं काढली, फुंकर घातली आणि एक दाणा आईच्या ओठांत ठेवला. होळीच्या कितीतरी आधीपासून बयाबाईच्या तोंडात दाणा गेला नव्हता. तो तिला चावता आला नाही. तिने तो गालात धरला आणि बराच वेळ चोखत राहिली. चिमाबाई पायथ्याशी उभी होती, पदर तोंडात कोंबून.

“हां,” शेवटी बयाबाई म्हणाली. “असंच व्हते. ह्येच त्ये.”

“हेच ना?” द्वारकेने विचारलं.

“ह्येच.”

द्वारका दुसऱ्या दाण्याचं साल काढू लागली.